रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, म्हणून फिटच्या गोळ्या बंद करायच्या का?

नमस्कार डॉक्टर,

माझी लेक ११ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात जेवताना तिचा उजवा हात आपोआप उडायला लागला, मग तोंड वाकडं झालं आणि ती बेशुद्ध पडली. सोलापूरला नेलं. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला ८ मिलिमीटरची एकच गाठ दिसली, भोवती थोडी सूज. मेंदूच्या डॉक्टरांनी फिटचं औषध सुरू केलं आणि "ही बहुतेक जंताची गाठ आहे, न्यूरोसिस्टिसर्कोसिस" असं सांगितलं. एमआरआय करायला सांगितलाय, तो अजून केलेला नाही. नात्यातल्या एकांनी सुचवलं म्हणून आम्ही आमच्याच मनाने लॅबमध्ये 'सिस्टिसर्कस आयजीजी' ही रक्ततपासणी करून घेतली. ती निगेटिव्ह आली. आता सासूबाई म्हणतात, आपलं माळकरी घर, घरात कधी अंडंसुद्धा शिजलं नाही, डुकराचा जंत पोरीच्या डोक्यात जाईलच कसा? दीर म्हणतात, टीबी असेल, टीबीचं औषध सुरू करा. मी कोबी घरात आणणंच बंद केलंय. लॅबवाले म्हणतात, सगळ्या घराचं जंतांचं पॅनेल करून घ्या, सवलत देतो. फिटच्या गोळ्या चालू ठेवू की बंद करू? डॉक्टरांचं निदान चुकलं का? माझ्या हातून काही चुकलं का?

एक आई, बार्शी तालुका

ताई,

आधी गोळ्यांचं बोलते, कारण तेवढंच घाईचं आहे. फिटचं औषध बंद करू नका. एक वेळसुद्धा चुकवू नका. हे औषध जंत मारण्यासाठी नाही, ते पुढची फिट येऊ नये म्हणून आहे. गाठ जंताची असो, टीबीची असो, आणखी कशाची असो, तिच्यामुळे मेंदू चेतलेला आहे आणि त्याला हे औषध हवंच आहे. ते अचानक थांबवलं तर एकामागून एक फिट येऊ शकतात. रक्ताच्या रिपोर्टाचा आणि या गोळ्यांचा काहीही संबंध नाही.

आता त्या रिपोर्टाकडे वळू. तुमच्या लेकीच्या रक्ताचं प्रयोगशाळेत काय होतं, ते नीट समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल. नळीतलं रक्त यंत्रात गरगर फिरवून वरचं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, वेगळं काढतात. ९६ बारीक खळग्यांची एक प्लास्टिकची प्लेट असते. प्रत्येक खळग्याच्या तळाला या जंताच्या प्रथिनांचा थर आधीच चिकटवलेला असतो. पातळ केलेलं सीरम त्यात घालतात. सीरममध्ये या जंताविरुद्ध तयार झालेल्या अँटीबॉडी, म्हणजे शरीराने त्याच्याशी लढायला बनवलेली प्रथिनं, असतील तर त्या तळाला धरून बसतात. मग प्लेट धुतात. नंतर असं एक द्रव घालतात, जे माणसाच्या अँटीबॉडीला जाऊन चिकटतं आणि सोबत एक एंझाइम, म्हणजे रंग उमटवायला मदत करणारं प्रथिन, घेऊन येतं. पुन्हा धुणं. शेवटी रंगाचं द्रव घातलं की जिथे अँटीबॉडी बसल्या आहेत तो खळगा निळा होत जातो. आम्ल टाकून ही क्रिया थांबवली की निळ्याचा पिवळा होतो. हा पिवळा किती गडद, ते यंत्र ४५० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजतं. या पद्धतीला एलायझा म्हणतात. ठरावीक आकड्याच्या वर गेलं की पॉझिटिव्ह, खाली राहिलं की निगेटिव्ह, मधे अडकलं की इक्विव्होकल, म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही.

या सगळ्यात जंत कुणी पाहिलेला नाही. पाहिलाय तो फक्त शरीराने जंताला दिलेला प्रतिसाद. शरीराने प्रतिसाद दिलाच नसेल, किंवा मोजता येण्याइतका दिला नसेल, तर जंत डोक्यात असूनही खळगा पांढराच राहतो. चोर एकटा आणि दबक्या पावलांनी आला तर राखणीचं कुत्रं भुंकत नाही. त्यावरून चोरी झालीच नाही असं कुणी म्हणत नाही.

तुमच्या लेकीच्या बाबतीत नेमकं हेच घडण्यासारखं आहे. तिच्या मेंदूत एकच गाठ आहे, तीही ८ मिलिमीटरची. अशा एकुलत्या गाठीतून रक्तात फार थोडी प्रथिनं येतात आणि शरीर फारशा अँटीबॉडी बनवत नाही. एलायझापेक्षा जास्त भरवशाची एक चाचणी आहे, इम्युनोब्लॉट. अमेरिकेतल्या सीडीसी या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ती १९८९ मध्ये मांडली. तिच्यात जंताची सात निवडक ग्लायकोप्रोटीनं, म्हणजे साखर जोडलेली प्रथिनं, एका पट्टीवर वेगवेगळ्या जागी बसवलेली असतात, आणि त्यांतल्या एका जागी जरी रेघ उमटली तरी निकाल पॉझिटिव्ह धरतात. मेंदूत दोन किंवा अधिक जिवंत गाठी असतील तर ही चाचणी जवळपास सगळे रुग्ण पकडते. पण एकच गाठ असली, किंवा फक्त जुन्या, चुना झालेल्या गाठी उरल्या असल्या, तर तिच्याही हातून बरेच रुग्ण सुटतात. काही अभ्यासांत तर जवळजवळ निम्मे. साधी एलायझा तिच्याहून कच्ची. आपल्याकडे भारतात एकाच गाठीचे रुग्ण सर्वांत जास्त, त्यामुळे ही चाचणी जिथे दुबळी, तिथेच ती सर्वांत जास्त मागवली जाते, आणि तुमच्यासारख्या आया गोंधळात पडतात. मला याचं फार वाईट वाटतं. रिपोर्टाच्या तळाशी बारीक अक्षरात 'लक्षणांशी ताडून पाहावे' अशा अर्थाची ओळ असते. ती ओळ खरं तर आकड्याच्या वर, ठळक छापायला हवी.

चाचणी पॉझिटिव्ह आली असती तरी प्रश्न सुटला नसता. दक्षिण अमेरिकेत पेरू देशात, जिथे हा जंत गावोगावी आहे, तिथे फिट कधीच न आलेल्या कितीतरी लोकांच्या रक्तात या अँटीबॉडी सापडल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या रक्तातून त्या पुढच्या वर्षभरात नाहीशाही झाल्या. म्हणजे अंडी पोटात गेली, शरीराने ती निकालात काढली, मागे नुसती खूण राहिली. उलट काहींच्या रक्तात गाठ मरून गेल्यावरही वर्षानुवर्षं अँटीबॉडी राहतात. दुसऱ्या जंतांमुळेही खळगा पिवळा होऊ शकतो. कुत्र्यांमधून येणाऱ्या हायडॅटिडच्या, म्हणजे यकृतात किंवा फुफ्फुसात पाण्याची गाठ करणाऱ्या जंताच्या रुग्णाची सिस्टिसर्कस एलायझा कधीकधी खोटी पॉझिटिव्ह येते. दोघं एकाच कुळातले. म्हणूनच संसर्गरोगतज्ज्ञांच्या २०१७ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांमध्ये जंताचा सरसकट अर्क वापरणारी एलायझा निदानासाठी वापरू नये असं म्हटलंय. निदान करायचं ते सीटी आणि एमआरआयवरून, गरज पडली तर इम्युनोब्लॉटचा आधार घ्यायचा.

तेव्हा तुमच्या डॉक्टरांचं निदान या रिपोर्टाने खोटं ठरत नाही. ११ वर्षांचं एरवी निरोगी मूल, एका हातापासून सुरू झालेली फिट, दोन सेंटिमीटरच्या आतली एकच गाठ आणि भोवती थोडी सूज, हे चित्र आपल्या देशात मेंदूचे डॉक्टर सतत पाहतात.

टीबीबद्दल दिरांना वाटणारी शंका अगदीच वाऱ्यावरची नाही, हे मी मुद्दाम सांगते. एक काळ असा होता की भारतात अशा एकेरी गाठी टीबीच्याच समजल्या जात आणि रुग्णांना कित्येक महिने टीबीची औषधं दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. मॅथ्यू चंडी आणि डॉ. वेदांतम राजशेखर यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस अशा काही गाठी शस्त्रक्रियेने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा आत जंताची अळी निघाली. त्यातूनच पुढे अशी गाठ जंताची मानण्याचे निकष ठरले. गाठ २० मिलिमीटरपेक्षा लहान हवी, सुजेने मेंदू एका बाजूला ढकललेला नसावा, सतत वाढत जाणारा अशक्तपणा किंवा डोक्यातला दाब वाढल्याच्या खुणा नसाव्यात, शरीरात दुसरीकडे टीबीसारखा आजार नसावा. टीबीची गाठ सहसा मोठी, वेडीवाकडी, जास्त सुजेची असते. हे वेगळेपण एमआरआयमध्ये पुष्कळदा स्पष्ट होतं, आणि गाठीच्या आत एखादा ठिपका, म्हणजे अळीचं डोकं, दिसलं तर वादच मिटतो. म्हणून जे पैसे दुसऱ्या लॅबमध्ये तीच रक्ततपासणी पुन्हा करण्यात घालवाल, ते एमआरआयसाठी ठेवा. खर्चाची अडचण असेल तर सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये चौकशी करा. टीबीचं औषध मात्र नुसत्या संशयावर सुरू करू नका. ते महिनोन्महिने घ्यावं लागतं आणि यकृताला त्रास देऊ शकतं.

आता सासूबाईंचा प्रश्न. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना हे वाचून दाखवा. या जंताचे शरीरात शिरायचे दोन वेगळे रस्ते आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. अर्धवट शिजलेलं, अळ्यांचं डुकराचं मांस खाल्लं तर माणसाच्या आतड्यात लांब पट्टकृमी वाढतो. तो दोन ते सात मीटरपर्यंत असू शकतो. पण डोक्यात गाठ होते ती मांसातून नाही. आतड्यात पट्टकृमी असलेल्या माणसाच्या शौचातून त्याची अंडी बाहेर पडतात. एकेका तुकड्यात हजारो. न धुतलेला हात, उघड्यावरचं शौच, सांडपाण्यावर वाढलेली भाजी, यांतून ती अंडी दुसऱ्याच्या तोंडात गेली की त्यांतली अळी आतड्यातून रक्तात, रक्तातून मेंदूत जाऊन बसते. ती अंडी गिळणाऱ्याने मांस खाल्लेलं असण्याची काही गरज नाही. न्यूयॉर्कमध्ये डुकराच्या मांसाला धर्माने शिवतही नाहीत अशा कर्मठ ज्यू कुटुंबांत चार जणांना हाच आजार निघाला, त्याचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या घरांत हा जंत सर्रास आढळणाऱ्या देशांतून आलेल्या, घरकाम करणाऱ्या बायकांच्या आतड्यात पट्टकृमी असावा आणि त्यांच्या हातून अन्नात अंडी गेली असावीत, असा अभ्यासकांचा निष्कर्ष होता. त्यांच्या घरची शुद्धता कमी नव्हती, तुमच्या घरचीही कमी नाही. सासूबाईंच्या गळ्यातल्या माळेला या आजाराने काही बट्टा लागत नाही.

आणि तुमच्या हातून काय चुकलं, हे शोधत बसू नका, कारण ते सापडणार नाही. अंडी पोटात जाणं आणि पहिली फिट यांच्यात पुष्कळदा वर्षं जातात. मुख्यतः भारतात राहून गेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या अशा ४५० केसेस १९६१ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाल्या. त्यांतल्या बऱ्याच जणांना फिट सुरू झाल्या त्या काही वर्षांनी, काहींना तर फार उशिरा. तुमच्या लेकीने शाळेच्या दारात चिंच खाल्ली, जत्रेत काकडी खाल्ली, कुणाच्या घरी कोशिंबीर खाल्ली. त्यातलं नेमकं कोणतं, हे आज कुणीही सांगू शकणार नाही.

कोबी पुन्हा आणा. कोबीतला किडा मेंदूत चढतो हे खोटं आहे. कोबीच्या पानातली हिरवी अळी ही फुलपाखराची किंवा पतंगाची पिल्लं, तिचा या जंताशी संबंध नाही. मातीला टेकून वाढणारी कोणतीही भाजी, मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर, न धुता कच्ची खाल्ली तर तिच्यावरून अंडी येऊ शकतात. कोबीची पानं सुटी करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. शिजवल्यावर तर प्रश्नच उरत नाही. खरी काळजी घ्यायची ती हातांची: शौचानंतर आणि कणीक मळायच्या आधी साबणाने, नखांच्या आतपर्यंत. घरात जो कुणी स्वयंपाक करतो त्या प्रत्येकाने.

यातूनच घरच्यांच्या तपासणीकडे येते, कारण लॅबवाल्यांचं पॅनेल तुम्ही घ्यावं असं मला मुळीच वाटत नाही. तुम्हाला शोधायचंय ते हे की घरातल्या किंवा स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला येणाऱ्या कुणाच्या आतड्यात पट्टकृमी आहे का. त्यासाठी रक्त नको, शौच तपासायचं असतं, वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने. अंडी रोज पडतातच असं नाही, म्हणून एकावर भागत नाही. शिवाय प्रत्येकाला सरळ विचारा, शौचात पांढरे, चपटे, शेवईसारखे तुकडे कधी दिसलेत का? लाजेने लोक सांगत नाहीत, पण ही माहिती कुठल्याही पॅनेलपेक्षा मोलाची. असा कुणी सापडला तर त्याचा उपचार साधा आहे, मात्र तोही डॉक्टरांकडून. कारण पट्टकृमीवरचं प्राझिक्वान्टेल हे औषध मेंदूपर्यंत पोचतं, आणि त्या माणसाच्या डोक्यात लपलेली गाठ असेल तर तिथे सूज आणि फिट येऊ शकते.

पॅनेलमध्ये बहुधा हायडॅटिड, फायलेरिया, टॉक्सोकारा, स्ट्रॉन्जिलॉइड्स अशी वेगवेगळ्या जंतांची नावं असतात. या चाचण्या वाईट नाहीत. सोनोग्राफीत यकृतात पाण्याची गाठ दिसली की हायडॅटिडची चाचणी डॉक्टरांना उपयोगी पडते. कुणाला मोठ्या डोसात स्टिरॉइड द्यायची असली तर त्याआधी स्ट्रॉन्जिलॉइड्सची चाचणी जीव वाचवू शकते, कारण स्टिरॉइडच्या जोरावर तो जंत अंगभर पसरतो. हत्तीपायाचा त्रास असलेल्या नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या भागात रात्री घेतलेलं रक्त काचपट्टीवर पाहतात, कारण फायलेरियाची पिल्लं तेव्हाच रक्तात उतरतात; आणि तिथली बोटाच्या थेंबावरची झटपट कार्ड चाचणी अँटीबॉडी शोधत नाही, जंतानेच सोडलेला अँटिजेन शोधते. प्रत्येक चाचणी अशी एखाद्या नेमक्या प्रश्नासाठी आहे. प्रश्नच नसताना सात-आठ चाचण्या केल्या की एखादी खोटी पॉझिटिव्ह येण्याची शक्यता वाढते, आणि मग सासूबाईंची सीटी, दिरांची सोनोग्राफी अशी वरात निघते. ते पैसे वाचवा.

जंताच्या औषधाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. अल्बेंडाझोल दुकानात सहज मिळतं, शेजारीपाजारी सांगतील, दोन पट्ट्या देऊन टाका. देऊ नका. मेंदूतला जंत औषधाने मरताना भोवतीची सूज वाढते आणि फिट येऊ शकते, म्हणून ते औषध स्टिरॉइडच्या जोडीने, वजनाप्रमाणे, डॉक्टरांच्या नजरेखालीच देतात. सुरू करण्याआधी डोळ्याच्या पडद्याची तपासणी होते. डोळ्यात जंत असेल आणि तो सुजला तर नजर जाऊ शकते. शाळेत जंतनाशक दिनाला मुलांना अल्बेंडाझोलची जी एक गोळी देतात, ती पोटातल्या जंतांसाठी असते आणि चांगली योजना आहे, पण तुमच्या लेकीला यंदा ती द्यायची की नाही, हे आधी तिच्या डॉक्टरांना विचारा.

दिलासा देण्यासारखंही बरंच आहे, आणि ते खरं आहे म्हणून सांगते. अशी एकेरी गाठ असलेली मुलं बहुतेक चांगली होतात. गाठ पुष्कळदा काही महिन्यांत विरून जाते; औषधाने ती लवकर जाते. साधारण तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करतात. गाठ गेली आणि सलग सहा महिने फिट आली नाही, तर डॉक्टर फिटच्या गोळ्या हळूहळू कमी करण्याचा विचार करतात. गाठीच्या जागी चुन्याचा ठिपका राहिला तर गोळ्या जास्त काळ लागू शकतात.

पुढच्या भेटीला सीटीची फिल्म न्या, नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही. रक्ताचा निगेटिव्ह रिपोर्टही न्या, लपवू नका. डॉक्टर रागावणार नाहीत, आणि रागावले तरी तुमचा हेतू लेकीच्या भल्याचाच होता. त्यांना विचारा: एमआरआय कधी? अल्बेंडाझोल द्यायचं का, किती दिवस? डोळे कधी दाखवायचे? पुढचा स्कॅन कोणत्या महिन्यात?

त्याआधी पुन्हा फिट आलीच तर तिला एका कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, घड्याळ पाहा. कांदा, चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका, शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध न येताच दुसरी आली, तर लगेच दवाखाना गाठा. एरवीही डोकं फार दुखणं, सारख्या उलट्या, दोन-दोन दिसणं, हातापायात कमजोरी, यांपैकी काही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. विहिरीवर, तळ्यावर तिला तूर्त एकटीला सोडू नका. शाळेत मात्र पाठवा, आणि वर्गशिक्षिकेला फिट आल्यावर काय करायचं ते एका कागदावर लिहून द्या, खाली तुमचा आणि तिच्या बाबांचा नंबर घाला.